एका देशाचे दोन पाळणे

१९५१ साली पाकिस्तानची पहिली जनगणना झाली, तेव्हा तो देश दोन तुकड्यांत विभागलेला होता आणि मधे भारताची सुमारे सोळाशे किलोमीटर भूमी होती. पूर्वेकडच्या तुकड्यात ४ कोटी १९ लाख माणसं भरली, पश्चिमेकडच्या तुकड्यात ३ कोटी ३७ लाख. आकारानं पूर्वेचा तुकडा पश्चिमेच्या पाचव्या हिश्शाइतकाही नव्हता. राजधानी, लष्कर, नोकरशाही पश्चिमेकडे आणि बहुमत पूर्वेकडे, ही त्या देशाची मूळ अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून १९५५ मध्ये पश्चिमेकडचे सारे प्रांत एकत्र बांधले गेले आणि दोन्ही बाजूंना सारख्याच जागा देण्याचं ठरलं. १९७० च्या निवडणुकीत मात्र डोकी मोजून जागा वाटल्या. थेट निवडणुकीच्या ३०० पैकी १६२ जागा पूर्वेला मिळाल्या आणि त्यांतल्या १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं जिंकल्या. पश्चिमेला हे बहुमत पचलं नाही. वर्षभरात युद्ध झालं, आणि एका देशाचे दोन देश झाले.

आता पुढचे आकडे पाहा. २०२२ च्या जनगणनेत बांगलादेशात १६ कोटी ५२ लाख माणसं मोजली गेली. २०२३ च्या जनगणनेत पाकिस्तानात मोजली गेली २४ कोटी १५ लाख. हे दोन तुकडे आज एकत्र असते, तर पूर्वेकडे बहुमत उरलंच नसतं. शंभरातली एकोणसाठ माणसं पश्चिमेकडची निघाली असती. पाकिस्तानच्या १९७२ च्या जनगणनेत साडेसहा कोटी लोक होते, म्हणजे तिथली लोकसंख्या पन्नास वर्षांत पावणेचार पट झाली. बांगलादेशात १९७४ ला सव्वासात कोटींच्या आत होते, ते सव्वादोन पटींच्या थोडं पुढे गेले.

लोकसंख्येच्या अभ्यासकांना अशी जोडी क्वचित मिळते. धर्म एक, चोवीस वर्षं सरकार एक, १९७१ पर्यंत कायदे बहुतांश एक, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्हीकडे बाईमागे सरासरी सहा ते सात मुलं. प्रयोगशाळेत दोन काचपात्रं शेजारी ठेवावीत, तसा हा प्रकार आहे. मग एवढा फरक पडला कशानं?

आधी हिशेबाची रीत सांगून टाकू. कुठल्याही देशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन वाटांनीच बदलते. त्यांतल्या जन्माच्या वाटेवरचा महत्त्वाचा आकडा म्हणजे एकूण जननदर: आज ज्या वयात जितकी मुलं होत आहेत तोच क्रम कायम राहिला, तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील. हा आकडा २.१ च्या आसपास असला, की एक पिढी आपल्या जागी तेवढीच पिढी ठेवून जाते. वरचा ०.१ कशासाठी, तर मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्त जन्मतात आणि काही मुली मोठ्या होण्याआधी दगावतात म्हणून. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे हा आकडाही थोडा वर सरकतो.

बांगलादेशात १९७५ च्या सुमाराला हा दर ६.३ होता. १९९३-९४ च्या पाहणीत तो ३.४ वर आला आणि २०११ पासून २.३ च्या जवळ रेंगाळतो आहे. पाकिस्तानात १९९०-९१ मध्ये तो ५.४ होता, २०१७-१८ मध्ये ३.६. म्हणजे ढाक्याच्या आसपासच्या बायका नव्वदीतच जिथे पोहोचल्या होत्या, तिथे लाहोर-कराचीकडच्या बायका पाव शतक उशिरानंही पुरत्या पोहोचल्या नव्हत्या.

सोपी उत्तरं इथे चालत नाहीत. धर्माचं उत्तर तर पहिल्याच पायरीवर घसरतं, कारण धर्म दोन्हीकडे एकच आहे. गरिबीचं उत्तर उलटं पडतं, कारण सत्तर-ऐंशीच्या दशकांत, जननदर कोसळत होता तेव्हा, बांगलादेश पाकिस्तानपेक्षा गरीब होता. १९७० च्या नोव्हेंबरातलं चक्रीवादळ, १९७१ चं युद्ध आणि १९७४ चा दुष्काळ असे तीन घाव त्यानं चार वर्षांत सोसले होते. महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी जमीन, तीही पुराखाली जाणारी, आणि तिच्यावर सात कोटी माणसं. हा देश स्वतःच्या पायावर उभा राहील असं बाहेरच्या फारच थोड्या लोकांना वाटत होतं.

उत्तराचा एक धागा एका लहानशा भागात सापडतो. ढाक्याच्या आग्नेयेला मेघनेच्या काठी मतलब नावाचा भाग आहे. खाड्या, नाले, भातशेती, आणि पावसाळ्यात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला होडी. ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेनं १९६६ पासून इथल्या प्रत्येक जन्माची, मृत्यूची, लग्नाची आणि गाव सोडून जाण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. सुरुवातीचा हेतू कॉलऱ्याची लस तपासण्याचा होता. पण नोंदी इतक्या चोख होत्या, की पुढे लोकसंख्येच्या अभ्यासाला त्यांच्याइतकं भरवशाचं साधन गरीब जगात क्वचितच सापडलं.

१९७५ मध्ये इथे संततिनियमनाचा पहिला प्रयोग झाला. गावातल्याच वयस्क, बहुतेक निरक्षर आणि विधवा बायकांमार्फत गोळ्या आणि निरोध घरोघर वाटले गेले. सुरुवातीला लोकांनी घेतले, मग सोडून दिले. गोळीनं मळमळ सुटली, अंगावरून जास्त जाऊ लागलं, तर विचारायचं कोणाला? वाटणारीला वाटण्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

१९७७ च्या ऑक्टोबरात रचना बदलली. मतलबच्या साधारण निम्म्या गावांत ऐंशी नव्या कार्यकर्त्या नेमल्या गेल्या: तरुण, शिकलेल्या, लग्न झालेल्या, त्याच गावच्या आणि स्वतः संततिनियमनाचं साधन वापरणाऱ्या. त्या दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जात. गोळी, निरोध, तांबी, इंजेक्शन, शस्त्रक्रिया यांपैकी काय हवं ते बाईनं ठरवायचं, त्रास झाला तर कार्यकर्तीनं दखल घ्यायची, गरज पडली तर दवाखान्यात न्यायचं. उरलेल्या निम्म्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. दीड वर्षात प्रयोगाच्या गावांमध्ये साधनं वापरणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण शंभरात दहाच्या आतून तीसच्या वर गेलं, आणि शेजारच्या गावांच्या तुलनेत तिथला जननदर जवळपास पाव हिश्शानं खाली आला. उत्पन्न वाढलं नव्हतं, शाळा वाढल्या नव्हत्या, कारखाना आला नव्हता. म्हणजे मुलं थांबवावीत असं वाटणाऱ्या बायका गावात आधीपासूनच होत्या. उंबऱ्याबाहेर पडायची मुभा नाही आणि विचारायला कोणी नाही, म्हणून त्या गप्प होत्या.

मला या साऱ्या कहाणीतलं हे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. 'आधी विकास होऊ द्या, लोकसंख्या आपोआप आटोक्यात येईल' असं तेव्हाचे बहुतेक मोठे लोक मानत होते. बुखारेस्टला १९७४ साली भरलेल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे प्रतिनिधीही विकास हेच उत्तम संततिनियमन असं सांगून आले होते. मतलबनं त्या समजाला धक्का दिला, तो खोडून काढला असं नव्हे.

बांगलादेश सरकारनंही देशभर अशीच वाट धरली होती. १९७६ पासून हजारो स्त्री कार्यकर्त्या नेमल्या गेल्या आणि त्या खांद्याला पिशवी लावून घरोघर फिरू लागल्या. गावच्या बाईनं सरकारी पगारावर एकटीनं गल्लोगल्ली फिरणं हेच तिथे नवं होतं, आणि त्याचा परिणाम पिशवीतल्या गोळ्यांइतकाच झाला असावा. सरकारं बदलली, लष्करशहा आले, गेले, मारलेही गेले; हे काम मात्र थांबलं नाही. १९७५ मध्ये शंभरातली आठ जोडपी कुठलं ना कुठलं साधन वापरत होती. २०१० नंतर हा आकडा साठच्या पुढे गेला.

मुलं कमी होण्यासाठी झालेली मुलं जगणं गरजेचं असतं. चारांतलं एक दगावणार असेल, तर कुठलीही आई दोनांवर थांबत नाही. इथेही बांगलादेशानं स्वस्तातला उपाय शोधला. हगवणीवर तोंडावाटे देण्याच्या क्षारजलाची चाचणी १९६८ मध्ये ढाक्यातच झाली होती. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर तेच पाणी पाजून हजारो जीव वाचवले. १९८० पासून 'ब्रॅक' या संस्थेनं ते घरोघर नेलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा मोबदलाही आयांना किती लक्षात राहिलं त्यावर ठरत असे. तपासनीस नंतर घरी येऊन आईला करून दाखवायला लावायचा. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांत हे शिकवलं गेलं. २०१७-१८ च्या पाहणीत पाच वर्षांआतल्या मुलांचे मृत्यू बांगलादेशात हजारी ४५ होते, पाकिस्तानात ७४.

त्यानंतर कपड्यांचे कारखाने आले. सत्तरीच्या अखेरीस सुरू झालेल्या या धंद्यात पुढे चाळीस लाखांच्या आसपास माणसं लागली, त्यांत बायकांचा भरणा मोठा. १९९४ पासून खेड्यांतल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन मिळू लागलं. २०२२-२३ च्या जनगणनांत स्त्रियांची साक्षरता बांगलादेशात सुमारे ७३ टक्के दिसते, पाकिस्तानात ५३.

एक गोष्ट मात्र या नीटनेटक्या चित्रात बसत नाही. मुलीचं लग्न उशिरा झालं की मुलं कमी होतात, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पाकिस्तानात विशीतल्या शंभर तरुणींपैकी साधारण अठरांचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं, बांगलादेशात पन्नासांचं. लग्नं लवकर, तरीही मुलं कमी. बांगलादेशातल्या मुली लवकर लग्न करतात, लवकर दोन मुलं होऊ देतात आणि पंचविशीत थांबतात. पाकिस्तानातल्या बायका उशिरा सुरुवात करतात आणि थांबत नाहीत. तेव्हा लग्नाच्या वयावरून देशाचं भवितव्य सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

बांगलादेशाची ही गोष्ट केवळ सरळ-सात्त्विक होती असंही समजू नये. ऐंशीच्या दशकात नसबंदी करून घेणाऱ्याला पैसे आणि लुंगी किंवा साडी मिळे. दुष्काळाच्या महिन्यांत गरीब माणूस त्या साडीसाठी शस्त्रक्रियेला तयार होतो, यावर तेव्हाही टीका झाली आणि ती योग्य होती.

पाकिस्तानात प्रयत्न झालेच नाहीत, असं नव्हे. अयुब खान यांनी १९६५ मध्ये मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. गावच्या दाया कामाला लावल्या, तांबी बसवण्याची उद्दिष्टं ठरली, आणि उद्दिष्टं ठरली की जे होतं तेच झालं: कागदावरचे आकडे फुगले. १९६९ मध्ये अयुब खान पायउतार झाले आणि त्यांचा कार्यक्रम म्हणून तोही बदनाम झाला. भुट्टोंच्या काळात त्याला पुन्हा चालना मिळाली, झिया-उल-हक यांच्या काळात तो थंडावला. बांगलादेशच्या धर्तीवर घरोघर जाणाऱ्या 'लेडी हेल्थ वर्कर' नेमायला १९९४ उजाडलं. ही योजना चांगली चालली, पण तोवर एक अख्खी पिढी मोठी होऊन पाळणे हलवू लागली होती.

पाकिस्तानच्या राज्यव्यवस्थेतच एक पेच आहे, त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. केंद्राकडून प्रांतांना जो पैसा जातो, त्याच्या वाटपात लोकसंख्येला ८२ टक्के वजन आहे. संसदेतल्या जागाही डोकी मोजूनच. ज्या प्रांतानं लोकसंख्या आवरली, त्याचा वाटा कमी होणार. म्हणूनच तिथे जनगणना हे भांडणाचं मूळ असतं: १९८१ नंतरची थेट १९९८ ला झाली, त्यानंतरची २०१७ ला, आणि तिच्यावर इतके आक्षेप आले की २०२३ ला पुन्हा मोजावं लागलं.

धर्माचा मुद्दा पुरता मिटवायचा असेल, तर पाकिस्तानच्या पश्चिम सीमेपलीकडे पाहायला हवं. इराणमध्ये १९७९ ची क्रांती झाली, इराकशी आठ वर्षं युद्ध चाललं, आणि त्या काळात जननदर सहाच्या वर राहिला. १९७६ ला ३ कोटी ३७ लाख असलेली लोकसंख्या १९८६ च्या जनगणनेत ४ कोटी ९४ लाख झाली. युद्ध संपलं, तिजोरी रिकामी होती, आणि एवढ्या मुलांना शाळा आणि नोकऱ्या कुठून द्यायच्या हे मौलवींच्याच सरकारला कळेना. १९८९ मध्ये त्यांनी भूमिका फिरवली. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यघरांतून साधनं फुकट मिळू लागली, लग्नाआधी जोडप्याला संततिनियमनाच्या वर्गाला बसणं सक्तीचं झालं, आणि चौथ्या मुलापासून सवलती बंद झाल्या. दीड दशकात दर दोनाच्या खाली आला. इतिहासात इतकी वेगवान उतरण फार थोड्या देशांनी पाहिली आहे, आणि तीही एका धर्मसत्तेखाली. अर्थात केवळ मौलवींच्या हुकमानं हे घडलं नाही. त्याच काळात इराणच्या खेड्यांतल्या मुली शाळेत आणि मग विद्यापीठांत दाखल होत होत्या. २०१२ च्या सुमाराला तिथल्या सर्वोच्च नेत्यानं हे धोरण इतकं लांबवणं चूक होती असं जाहीर केलं, २०२१ मध्ये जन्म वाढवण्यासाठी कायदाही आला. बायकांनी त्याला फारशी दाद दिलेली नाही.

सक्तीनं जन्म वाढवू पाहणाऱ्या सत्तेचं सर्वांत भीषण उदाहरण रुमानियाचं. तिथले हुकूमशहा चाउशेस्कू यांनी १९६६ च्या ऑक्टोबरात एका हुकमानं गर्भपात जवळपास बंद केला. साधनंही मिळेनाशी झाली. १९६६ ला २ लाख ७४ हजार मुलं जन्मली होती, १९६७ ला ५ लाख २८ हजार. एका वर्षात जवळजवळ दुप्पट! प्रसूतिगृहं, मग बालवाड्या, मग शाळा, मग नोकऱ्या, सगळीकडे ही एक फुगलेली पिढी दाटीवाटीनं पुढे सरकत राहिली. बायकांनी चोरवाटा शोधल्या, जननदर वर्षागणिक पुन्हा उतरला, पण त्या चोरवाटांवर हजारो बायकांचा जीव गेला आणि अनाथालयं नको असलेल्या मुलांनी भरली. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या तरुणांत त्या हुकमामुळे जन्मलेले बरेच होते. नव्या सरकारनं तो हुकूम पहिल्या काही दिवसांतच रद्द केला.

सरकारी हुकूम एकीकडे, तर लोकांच्या मनातला समज किती प्रबळ ठरतो हे जपाननं १९६६ मध्येच दाखवलं. तिथल्या साठ वर्षांच्या पंचांगचक्रात 'अग्नी-अश्व' नावाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याचा घात करते, असा समज. आपल्याकडच्या मंगळाच्या पत्रिकेचा हा जपानी भाऊ. १९६५ मध्ये जपानात १८ लाख २४ हजार मुलं जन्मली, १९६६ या अग्नी-अश्व वर्षात १३ लाख ६१ हजार, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३६ हजार. बुलेट ट्रेन धावू लागून दोन वर्षं झालेल्या देशात ही घट झाली. यानंतरचं अग्नी-अश्व वर्ष २०२६.

श्रीमंत पूर्व आशियाची आजची काळजी मात्र पंचांगातून आलेली नाही. दक्षिण कोरियात १९६० च्या सुमाराला बाईमागे सहा मुलं होती. १९८३ मध्येच दर २.१ च्या खाली गेला, पण कमी मुलं होऊ द्या हा सरकारी प्रचार थांबायला १९९६ उजाडलं. २०२३ मध्ये दर ०.७२ वर आला. १९७० ला त्या देशात दहा लाख मुलं जन्मली होती. २०२३ ला २ लाख ३० हजार. कारणं शोधायला दूर जायला नको. सोलमधली घरं परवडत नाहीत. मुलांच्या खासगी शिकवण्यांत आईबापांची कमाई जाते. कामाचे तास लांब. बायका पुरुषांइतक्याच शिकतात, पण त्यांच्या पगारातली तफावत विकसित देशांत सर्वाधिक आहे आणि मूल झालं की नोकरी व घर दोन्ही तिनंच सांभाळायचं. लग्नाशिवाय मूल तिथे अजून फारसं मान्य नाही, म्हणून लग्नं घटली की जन्म घटतात. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात, तिथला दर कोरियाच्या दुपटीहून अधिक आहे. पण म्हणून चांगल्या पाळणाघरांनी आणि लांब पगारी रजांनी सगळं सुटतं असंही म्हणता येत नाही. फिनलंडकडे हे सारं आहे आणि तिथलाही दर अलीकडे १.३ च्या खाली घसरला. इथे अभ्यासकांचं एकमत नाही, आणि कोणी ठाम कारण सांगू लागला तर मला त्याचा संशय येतो.

फ्रान्सचं नाव आलंच आहे तर एक जुना हिशेबही सांगतो. १८०० च्या सुमाराला फ्रान्समध्ये २ कोटी ९० लाखांच्या आसपास लोक होते, इंग्लंड-वेल्समध्ये ९० लाखांच्या आत. शंभर वर्षांनी फ्रान्स जेमतेम ३ कोटी ८५ लाखांवर, आणि इंग्लंड-वेल्स ३ कोटी २५ लाखांवर, तेही लाखो लोक अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला धाडून. गोळ्या आणि तांबी नसताना फ्रेंच शेतकऱ्यांनी अठराव्या शतकातच मुलं कमी करायला सुरुवात केली होती. जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटण्याचा कायदा आणि चर्चची सैल झालेली पकड, ही त्याची नेहमी दिली जाणारी कारणं. युरोपात फ्रान्सचं पूर्वीचं वर्चस्व पुन्हा आलं नाही, त्यामागे हे एक कारण होतंच.

स्थलांतराचा हिशेब थोडक्यात. बल्गेरियात १९८५ ला जवळपास ९० लाख लोक होते, २०२१ ला ६५ लाख. जन्म कमी आणि तरुण जर्मनी-स्पेनला गेलेले, असा दुहेरी मार. उलट कतारमध्ये १९५० ला काही हजार माणसं होती, आता तीस लाखांच्या घरात आहेत आणि त्यांतले बहुतेक कामासाठी आलेले परदेशी.

जननदर आणि लोकसंख्या यांच्यात जो कालावधी जातो, तो समजला नाही तर सगळ्या तुलना फसतात. चीनमध्ये 'एकच मूल' धोरण १९८० चं, पण १९७० ला सहाजवळ असलेला दर त्याआधीच, सत्तरच्या दशकातल्या 'उशिरा, अंतरानं, थोडी' या मोहिमेत, तीनाच्या खाली आला होता. मग १९९० च्या सुमाराला तो २.१ च्याही खाली गेला. तरी लोकसंख्या आणखी तीस वर्षं वाढत राहिली, कारण आधीच्या दशकांतल्या मोठ्या पिढ्या आई-बाप होण्याच्या वयात होत्या. घट दिसली ती २०२२ मध्ये, साडेआठ लाखांची. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर २.० आला, तरी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास जाईपर्यंत वाढणारच आहे. नव्या पिढीची सावली जुनी पिढी हटेपर्यंत पडत नाही. २०२३ मध्ये भारत चीनच्या पुढे गेला, तेव्हा आपल्याकडे जी घबराट झाली ती चाळीस वर्षांपूर्वीच्या जन्मांबद्दलची होती.

शिवाय 'भारताचा दर' ही सोयीची सरासरी आहे. त्याच पाहणीत बिहारचा दर ३.० होता, केरळचा १.८, महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३ आणि सिक्कीमचा १.१. गोव्याचा आकडा त्या वर्षांतल्या जपानच्या आकड्याइतकाच आहे. महाराष्ट्राची वाट जुनी आहे: रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये, लंडनमध्ये मारी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं त्याच वर्षी. त्यापायी कर्व्यांना प्राध्यापकीवर पाणी सोडावं लागलं. याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायदा झालं नाही. त्याची आठवण निघाली की माणसं विषय बदलतात. राज्याचा दर पुढे उतरला तो या विधेयकाशिवायच.

मुलं कमी होऊ देणाऱ्या राज्याला शिक्षा होऊ नये, याची काळजी आपल्या राज्यघटनेनं पाकिस्तानपेक्षा वेगळ्या रीतीनं घेतली. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलं, आणि पुढच्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. पंधराव्या वित्त आयोगानं लोकसंख्येला १५ टक्के वजन दिलं आणि जननदर कमी करण्याच्या कामगिरीला वेगळं साडेबारा टक्के. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. गोठवलेल्या जागांमधून बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या पदरात किती पडतील आणि केरळ-तामिळनाडूच्या हातून किती जातील, हे भांडण तिचे आकडे हाती येण्याआधीच पेटलेलं आहे.